भाऊजी, टाकी भरून ठेवून गेलात

भाऊजी, फोन आला तेव्हा मी तुमच्या टाकीपाशीच उभी होते. "मी येईस्तोवर झाकण उघडू नका," असं तुम्ही बजावून गेला होता, आणि मी ते उघडलेलं नव्हतं. नुसतं सैल केलं होतं. तो पांढरा धूर टाकीच्या गळ्यावरून हळूच खाली उतरतो ना, ते बघायला मला आवडायचं, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर बजावलंत.

फोनवर तुमच्या दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला. म्हणाला, प्रकाशदादा टेबलावर डोकं टेकून पडलेत, दवाखान्यात आणलंय. मी म्हणाले, "बरं. त्यांनी पेस्ट घेतली का तेवढं बघा."

असं म्हणाले मी. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, दादांना न्यायला कुणीतरी या." मला तरीही कळलं नाही. मी म्हणाले, न्यायला कशाला, गाडी आहे की त्यांच्याकडं, येतील ते. तेव्हा त्यानं फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला, आणि त्या दुसऱ्या माणसानं जे सांगितलं ते मी ऐकलं, पण ते कुणाबद्दल आहे हे मला अजून नीट समजलेलं नाही. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन, कपात साखर कमी पडली म्हणून टोमणा मारून गेलेल्या माणसाबद्दल ते होतं, असं सगळे म्हणतात.

पेपरात द्यायला चार ओळी लिही, म्हणून तुमच्या दादांनी मला बसवलं. घरात लिहिण्याचं काम माझ्याकडं, कारण लग्नात माझ्या वडलांनी 'मुलगी बी.ए.' असं तीन वेळा सांगितलं होतं. मी लिहिलं, 'कष्टाळू, मनमिळाऊ' आणि थांबले. मनमिळाऊ? कणकेत घातलेल्या मिठावरून वर्षानुवर्षं भांडणारा माणूस मनमिळाऊ? मी कागद चुरगळला. तुमच्या दादांनी शेवटी नुसतं नाव आणि फोटो दिला. म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

सुरुवात बर्फापासून झाली होती, आठवतं? धाराशिवच्या बसस्टँडजवळ तुमचं ते ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न्यायला विसरलेले कॉम्प्युटर तिथं साठलेले. एका उन्हाळ्यात त्यातला एक तुम्ही येडशीला घरी आणलात, त्याचं पोट उघडून ओसरीवर मांडलात आणि मला हाक मारलीत, "वहिनी, रसवंतीवाल्याकडनं बर्फ आणलाय. खडेमीठ द्या." बर्फ आणि खडेमीठ म्हटल्यावर कुठल्याही शहाण्या बाईला जे वाटेल तेच मला वाटलं. मी आइस्क्रीमसाठी दूध आटवायला ठेवलं.

तुम्ही मीठ बर्फावर ओतलंत, त्यात माझ्या माहेरचा तांब्याचा तांब्या ठेवलात. त्याचं बूड तुम्ही माझ्या परवानगीशिवाय घासून सपाट केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मग तुम्ही मला समजावून सांगायला बसलात. प्रोसेसर म्हंजे बैल समजा, म्हणालात. कंपनी सांगती, ह्याला ह्या चालीनं चालवा. त्याच्यात ताकद त्याच्यापेक्षा लई जास्त असती. पण पळवला की तापतो, आन तापला की खाली बसतो. आपण त्याला गारठवत ऱ्हायचं आन पळवत ऱ्हायचं.

"पळवून न्यायचं कुठं?" मी विचारलं.

"कुठंच न्हाय. किती पळतो त्यो आकडा बघायचा."

आत दूध उतू गेलं होतं. वास आला तेव्हा मी धावले. तुम्ही मागून ओरडून सांगत होता की बर्फानं काय होत न्हाय वहिनी, बर्फ म्हंजे बालवाडी, खरी थंडी नायट्रोजनची, उणे एकशे शहाण्णव. बाहेर बेचाळीसचं ऊन, आत जळलेल्या दुधाचा धूर, आणि माझा दीर उणे एकशे शहाण्णवच्या गोष्टी करतोय. मी पदरानं पातेलं उचललं आणि मनात म्हटलं, माझ्या जावेचं, सुनंदाचं कसं होणार.

हा नायट्रोजन आपल्याकडं कुठं मिळायचा, असं मला वाटलं होतं. पण तो गावात माझ्या लग्नाच्या आधीपासून येत होता, फक्त आपल्या घरी येत नव्हता. गाईम्हशी भरवायला येणारे डॉक्टर मोटारसायकलला बांधून जी टाकी आणतात, बुटकी, जाड अंगाची, अरुंद तोंडाची, तिच्यात बीज गोठवून ठेवायला तोच तर असतो. हे तुमच्या डोक्यात आलं तो दिवस तुम्ही सणासारखा साजरा केलात. ते काम सोडून दिलेल्या एका माणसाकडून जुनी टाकी मिळवलीत. धाराशिवच्या ज्या गॅसवाल्याकडून ती मंडळी नायट्रोजन भरून घ्यायची, त्याच्याकडून तुम्हीही रीतसर भरून घेतलात. आणि ती घरी आणायला मागं धरून बसायला कोण? तुमचे दादा नाही म्हणाले. सुनंदा म्हणाली, मला दुकान आहे. राहिली घरातली एकमेव रिकामी बाई.

टाकी मांडीवर घेऊन, डोक्यावर पदर घट्ट बांधून, मी तुमच्या मागं बसले. वळणावर धूर निघायचा आणि तुम्ही म्हणायचा, घाबरू नका, ती श्वास घेती. फाट्यावर उतरलो तर चहाच्या टपरीवरचे सगळे उठून बघायला लागले. त्या टाकीला तालुक्यात कोण ओळखत नाही? एकानं अगदी आदरानं विचारलं, "काय वहिनी, कुणाची म्हैस माजावर आली?"

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. आपल्या दारात शेळीसुद्धा नाही. आणि तुम्ही, भाऊजी, गाडी चालू ठेवून शांतपणे म्हणालात, "कॉम्प्युटर आलाय."

संध्याकाळपर्यंत गावात झालं, प्रकाशनं जनावरांची डॉक्टरकी सुरू केली. दुसऱ्या दिवशी एकजण खरंच गाय घेऊन आला, आपल्या फाटकाला बांधली आणि चांगल्या जातीचं द्या म्हणाला. तुम्ही त्याला बसवलंत, चहा दिलात आणि प्रोसेसर, नायट्रोजन, आकडा, सगळं पहिल्यापासून सांगितलंत. त्यानं मान डोलवत ऐकून घेतलं. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे गाईचं न्हाय व्हायचं." आणि गाय सोडून घेऊन गेला. त्याच्याइतकं थोडक्यात तुमच्या छंदाबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही.

आता ती कणीक. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेईन असं समजू नका.

थंड भांड्याभोवती दव धरतं, ते दव खाली सर्किटावर उतरलं की मशीन मेलं, म्हणून प्रोसेसरच्या भोवती सगळीकडं लिंपून घ्यायचं असतं. चित्रकारांचा मळता येणारा खोडरबर त्याला चांगला, असं तुम्ही कुठंतरी वाचलं होतं. तो धाराशिवला मिळेना. सोलापूरला मिळतोय का बघतो म्हणालात. मी म्हटलं, मळलेलंच पाहिजे ना? थांबा. आणि अशी घट्ट कणीक मळून दिली की पुऱ्यांना लाजवेल. तुम्ही खुश. वेताळाला शेंदूर थापावा तसा तुम्ही त्या मदरबोर्डाला कणकेनं थापून काढलात. नायट्रोजन ओतला, कणकेचा दगड झाला. सगळं झकास चाललं. आणि मग ती कणीक तडकली, दव आत शिरलं, काहीतरी चर्र झालं आणि स्क्रीन काळा.

तुम्ही थोडी कणीक उचलून जिभेवर ठेवलीत. माझ्याकडं बघितलंत. "वहिनी, मीठ घातलंय व्हय?"

"मीठ न घालता कणीक मळतं का कोण?"

खारं पाणी म्हंजे वीज वाहायला हमरस्ता, हे मला काय ठाऊक? पण भाऊजी, आजही सांगते, मशीन मिठानं गेलं नाही. ते मधे एकदा बंद पडलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, पूर्ण कोरडं होऊ द्या, उन्हात ठेवा. तुम्हाला दम निघाला नाही. बटण दाबलंत. तुमचं म्हणणं मीठ, माझं म्हणणं घाई. दर सणाला, पुऱ्या लाटताना, पाहुण्यांसमोर हा वाद निघायचा. निकाल लागला नाही. आणि आता घाई कुणाला होती, हे सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

पुढं कणीक गेली, व्हॅसलीन आलं. तेही माझंच, टाचांच्या भेगांचं. तांब्या गेला, लेथवाल्याकडून जाड बुडाचं तांब्याचं भांडं करून घेतलंत. आणि नायट्रोजन ओतायचं काम माझ्याकडं आलं. तुमचा हात थरथरायचा. आनंदानं थरथरायचा, पण थरथरायचा. एका हातानं थर्मासमधून बारीक धार सोडायची, भांड्यातलं कमी होईल तसतसं, ना जास्त ना कमी, आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची. मी आयुष्यभर तापल्या तव्यावर धिरड्याचं पीठ सोडत आले. त्या कौशल्याला असं गिऱ्हाईक मिळेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही कीबोर्डावर, मी धारेवर. तुम्ही म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हातानं बैल पळतो." मी म्हणायचे, पुरे. पण मला ते दिवसभर पुरायचं.

आणि हे सगळं आपण भर उन्हाळ्यात करायचो, त्याचंही तुमच्याकडं शास्त्र होतं. पावसाळ्यात हवेत पाणी, म्हणून दव जास्त. आपल्याकडचं वैशाखातलं वारं म्हणजे नाकातून रक्त काढणारं, त्यात दव कुठून धरणार? तो फिनलंडचा माणूस, वेबसाइटवरच्या यादीत ज्याचा आकडा आपल्या वर होता, त्याला मेलं दार उघडलं की थंडी. "पर आपल्यासारखा कोरडेपणा त्याला ह्या जन्मात मिळणार न्हाय," असं तुम्ही छाती काढून म्हणायचा. आपल्या जिल्ह्याच्या कोरडेपणाचा कुणी अभिमान बाळगलेला मी पहिल्यांदाच बघितला. शेवटचाही.

मी एकदा चिडून विचारलं होतं, याचा उपयोग काय? आकडा येतो, फोटो काढेस्तोवर टिकतो, मशीन बंद पडतं. तुम्ही दाराकडं बोट दाखवलंत. "तुमच्या रांगोळीचा काय उपयोग?" उत्तर मला नंतर सुचलं, की रांगोळी निदान येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. पुढच्या वेळी सांगायचं म्हणून जपून ठेवलं होतं. पण ते तरी कुठं खरं? त्या वेबसाइटवर तुम्ही आकड्यासोबत फोटो टाकलात आणि खाली लिहिलंत, 'ओतणारी: वहिनी.' फिनलंडवाल्यानं विचारलं, हे वहिनी कोण? तुम्हाला नीट सांगता आलं नाही. त्यांना वाटलं ते माझं खेळातलं टोपणनाव. मग तिकडून निरोप यायला लागले, वहिनीची धार उत्तम आहे, वहिनीला सांगा. तुम्ही ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि तुमचे दादा ताटातून मान वर करून माझ्याकडं असं बघायचे, जणू घरात कुणी नवीन बाई आलीय.

लोक म्हणायचे, पोरबाळ न्हाय म्हणून यंत्राशी खेळतो. तुमच्या कानावर येत होतं. सुनंदाच्याही. ती खेळाला नाव ठेवायची नाही, पण जवळही यायची नाही. दुकानात तिची बोटं तुमच्यापेक्षा जलद चालायची, तरी इकडं ती चहाचे कप ठेवून मागं फिरायची. तुम्ही म्हणायचा, एकदा बघ तरी. ती म्हणायची, पुढच्या वेळी. चिडून नाही, हसूनच. कामं पडलेली असायची.

ह्या वेळी ती बघणार होती. तिनं स्वतः सांगितलं होतं. म्हणून तुम्ही टाकी काठोकाठ भरून आणलीत, मशीन मांडून ठेवलंत, व्हॅसलीन थापलंत, भांड्याभोवती फडकी गुंडाळलीत. मग लक्षात आलं की प्रोसेसर आणि भांडं यांच्यामध्ये लावायची पेस्ट संपलीय. "दुकानात पडलीय ट्यूब. जाऊन येतो. कुणाचा एक फॉर्म पण ऱ्हायलाय." हे तुमचं घरातलं शेवटचं वाक्य. त्यात काहीच नाही, भाऊजी. मी ते किती वेळा उलटंपालटं करून बघितलं. फॉर्म राहिलाय, आणि ट्यूब.

तुम्हाला ओसरीवर आणलं तेव्हा टाकी तिथंच कोपऱ्यात होती. कुणाला हलवायचं सुचलं नाही. मी झाकण सैल केलेलं, ते तसंच. इकडं बायकांचा आक्रोश, सुनंदा तुमचे पाय चोळत बसलेली, तिकडं टाकीच्या तोंडातून पांढरा धूर जमिनीवरनं सरपटत तुमच्या पायांपर्यंत येत होता. मी ते बघत उभी. मला वाटत होतं, कुणीतरी तुम्हाला दाखवायला पाहिजे.

थोरल्या आत्याबाईंनी ते बघितलं. "ह्यो धूर बघा. ह्या गारठ्यानंच छाती धरली माझ्या लेकराची," असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर वाढलात तुम्ही, त्यांना काय बोलणार? पण ते वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकीबरोबर बाहेर गेलं आणि मोठं होऊन परत आलं. गारठ्यानं गेला. तो गारठा घरात कुणी आणला? थोरल्या सुनेनं. मांडीवर घेऊन. ज्या फाट्यावर म्हशीचं विचारलं होतं, तिथंच हे बोलणं चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. एवढंच. मलाही ते माहीत आहे. हवेतला निम्म्याहून जास्त भाग नायट्रोजनच असतो, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. आपण उघड्यावरच ओतायचो, दारं उघडी टाकून. पण तुम्ही भांड्यावर वाकायचा, भाऊजी. आकडा बघताना वाकायचा आणि तो धूर तुमच्या तोंडावर यायचा, आणि धार माझ्या हातात असायची. हे मला नको त्या वेळी दिसायला लागलं.

तुमचे दादा म्हणाले, ओतून टाक ते परसात. मी टाकी परसातल्या पत्र्याखाली नेली, पण ओतली नाही. जुनी टाकी, तिची थंडी धरून ठेवायची ताकद संपलेली; आतलं रोज आपोआप उडून जात होतं. तुम्ही शिकवलं तसं मी रोज लाकडी फूटपट्टी आत बुडवून बाहेर काढायचे. जिथवर पांढरं धरतं तिथवर माल. रोज ती पांढरी रेघ खाली. भेटायला येणारे ओसरीवर बसलेले आणि मी परसात फूटपट्टी घेऊन उभी. बघणाऱ्याला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. बरोबरच वाटलं.

दवाखान्यातून तुमचे कपडे आले ते सुनंदानं उघडले नाहीत, मी उघडले. शर्टाच्या खिशात ट्यूब होती. पेस्ट घेतली होती तुम्ही. मी ती मुठीत धरून खाली बसले तेव्हा सुनंदा दारात होती. इतके दिवस ती बोलत नव्हती, जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. तिनं विचारलं, "अक्का, त्या गारठ्यानं गेले का ते?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ना.

"डॉक्टरनं गारठा बघितलावता का? तुमी बघितलाय. तुमी सांगा."

मला 'नाही' म्हणता आलं नाही, भाऊजी. तोंडापर्यंत आलं आणि थांबलं. एवढं थांबणं तिला पुरलं. ती आत गेली. मी तिच्या जागी असते तर त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी प्याले नसते. ती प्याली, पण माझ्याकडं न बघता. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी वीस-बावीस वर्षं काढली, कधी मीठमिरचीवरून अबोला झाला असेल तेवढाच. आणि आता ही माझ्या हाताकडं बघायला लागली. धार सोडणाऱ्या हाताकडं.

दहावा झाला. त्यानंतर एका दुपारी ती परसात आली. म्हणाली, किती राहिलंय? मी फूटपट्टी काढून दाखवली. बुडाशी जेमतेम रेघ होती. उद्यापर्यंत टिकेल न टिकेल.

"मग आज दाखवा मला. म्या बघते म्हणले होते."

आत्याबाई मधे पडल्या. सुतक फिटलं न्हाय, असलं काही करू नये. सुनंदानं आवाज न चढवता सांगितलं, "आत्या, त्यांचंच काम ऱ्हायलंय. ते करायला कसलं सुतक." आत्याबाई उंबऱ्यावरच बसल्या, राखण करायला बसावं तशा.

तुम्ही मांडून ठेवलेलं मशीन आम्ही पत्र्याखाली नेलं. पेस्ट मी लावली. तुम्ही लावता तशी बोटानं नाही, पोळीला तूप लावतात तशी लावली, जमली. सुनंदा कीबोर्डापुढं बसली. तिला कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. इतकी वर्षं चहा ठेवून माघारी जाताना जे कानावर पडलं तेवढ्यावर ती बसली, आणि बाकीचं तुम्ही आत साठवून ठेवलंच होतं. बाहेर ऊन असं की पत्र्याचा आवाज येत होता. मी धार सोडली.

धूर उसळला आणि भांड्याच्या कडेवरनं सुनंदाच्या मांडीवर उतरला. ती दचकली नाही. धूर अंगावरून जाऊ दिला. मग भांड्यापासून लांब, जिथं तो विरत होता तिथं तिनं हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि साडीला पुसला. थर्मामीटर खाली जात होता. तिनं आकडा चढवला, थांबली, पुन्हा चढवला. बैल पळत होता, भाऊजी. फिनलंडवाल्याच्या जवळपाससुद्धा नव्हता, पण पळत होता.

धार कधी थांबवायची हे सांगणं तुमचं काम. ते सांगायला कुणी नव्हतं आणि मी ओतत राहिले. स्क्रीन होता तसा थिजला. सुनंदानं कळ दाबली, पुन्हा दाबली. काही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, बघितलं म्हणजे पुरतं, तोंडाकडं. म्हणाली, "गेलं?"

मी म्हटलं, गेलं नाही. जास्त गारठलं. प्रत्येकाची एक हद्द असते, त्याच्या खाली गेलं की ते बधिर होऊन बसतं. नायट्रोजन उडू द्यायचा, ऊब द्यायची. तुम्ही तिचाच केस वाळवायचा ड्रायर या कामाला पळवला होता, तो मी तिच्या हातात दिला. भांड्याच्या कडेला गरम वारं देत ती बसली. घाई केली नाही. थर्मामीटरचा आकडा वर येत राहिला, भांड्यावरचं पांढरं विरघळून फडक्यात उतरत गेलं. टाकी रिकामी झाली होती. मी उलटी करून बघितली. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, आता बघ. तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

स्क्रीन उजळला. अक्षरं आली. काही झालंच नव्हतं असं ते उठून बसलं.

सुनंदा त्याच्याकडं बघत राहिली. ड्रायर तिच्या हातात तसाच चालू होता. मग ती वळली, माझ्याकडं नाही, उंबऱ्याकडं.

"आत्या, गारठ्यानं गेलेलं उठतं," ती म्हणाली. "ऊब दिली की उठतं. म्या त्या दिवशी त्यांचे पाय किती चोळले, तुमी बघितलंय. ते उठले न्हाईत. म्हंजे ते गारठ्यानं गेले न्हाईत."

सुनंदानं ड्रायर बंद केला, माझ्या हातातला थर्मास काढून घेतला आणि माझा हात, तो ओतून ओतून गार पडलेला, स्वतःच्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागली.

भाऊजी, यंत्राचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, हे मलाही कळतं. बी.ए. आहे मी. तुम्ही असता तर खुर्ची ओढून तिला पहिल्यापासून समजावून सांगायला बसला असता, की सुनंदा, असा हिशोब लागत नसतो. तुमचा स्वभावच तो. म्हणून हात जोडून सांगते, ह्या एका बाबतीत तुम्ही मधे बोलू नका.